आधी पाणी, मग रंग

गेल्या दोन वर्षांत निदान सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "घर विकायला काढायचंय, आधी रंग लावून घेऊ का?" नात्यातली मंडळी फोनवर विचारतात, जुन्या शाळेतल्या मैत्रिणी लग्नकार्यात भेटल्या की विचारतात. दर वेळी माझं उत्तर अर्धा तास चालतं. शेवटी हेच म्हणाले, "अगं, एकदा लिहून टाक आणि सगळ्यांना तेच वाचायला सांग." तर मंडळी, घ्या लिहून.

आमचं डोंबिवलीचं घर १९८६ च्या इमारतीतलं. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्यावर. ह्यांच्या गुडघ्यांनी चोपन्न पायऱ्यांपुढे हात टेकले, तेव्हा लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचं ठरलं. म्हणजे जुनं घर विकून जे येईल त्यावरच नव्याची भिस्त. इथे एक लाख कमी आला तर तिथे एक खोली कमी, असा सरळ हिशेब होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एजंट घर बघायला आला. तरुण, बोलायला गोड, काकू-काका करणारा. सगळं घर फिरला आणि आतल्या खोलीत येऊन थांबला. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला खाली हातभर ओल होती, रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्यातून पांढरं पीठ गळत होतं. दुसरी ओल छताच्या कोपऱ्यात, गच्चीखाली. तो म्हणाला, "काकू, पोपडे खरवडा, लांबी भरा, वर दोन हात प्लॅस्टिक पेंट मारा. पाडव्याला गिऱ्हाइकं येतात, तोवर भिंत आरशासारखी दिसेल."

"आणि पावसाळ्यात?" मी विचारलं.

"पावसाळ्यात तुम्ही इथे कुठे असणार, काकू!"

हे हसले. मला काही हसू आलं नाही.

आता आधी जरा भिंतीचं शास्त्र. (जुनी सवय, जात नाही!) भिंतीवर येणारं ते पांढरं पीठ म्हणजे क्षार. विटेत, सिमेंटात, वाळूत क्षार असतातच. पाणी त्यांना विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं, तिथे पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक मागे राहतात. ते वाढताना रंगाला आतून ढकलतात, म्हणून पोपडा सुटतो. वरून प्लॅस्टिक पेंटचा जाड पापुद्रा चढवला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती बाजूला पसरते नाहीतर फोड काढते. पूर्वी चुन्याची सफेदी असायची, ती ओल धरायची नाही, भिंत आपली वाळत राहायची. दिसायला गरीब, पण भिंतीला बरी. तात्पर्य, पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही.

शोधायचं कसं? सगळ्यात सोपं साधन म्हणजे कॅलेंडर. ओल जून ते सप्टेंबर येते आणि दिवाळीनंतर वाळते, तर पाणी पावसाचं. फेब्रुवारीतही ओली राहते, तर पाणी घरातलं. आमची छताची ओल पहिल्या जातीची, भिंतीची दुसऱ्या. कधीकधी खोलीतल्या दमट हवेमुळेही भिंत ओलसर लागते. त्यासाठी स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद वीतभर कापून चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवसांनी बघायचा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर दोष हवेचा, तेव्हा खिडक्या उघडा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल आतूनच येते आहे. आमच्याकडे आतल्या बाजूला चांगला घाम फुटला होता.

मग मी पेन्सिल घेतली. ओलीच्या वरच्या कडेला रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. पोरं लहान असताना दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा मारायचो ना, अगदी तशी. मार्चमध्ये आम्ही चार दिवस लेकीकडे पुण्याला गेलो. घर बंद, न्हाणीघर कोरडं, फक्त पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला. आल्यावर बघते तो ओल रेघेच्या दोन बोटं वर! म्हणजे न्हाणीतल्या फरशीचा किंवा टाइल्सच्या सांध्यांचा हा दोष नव्हता, कारण चार दिवसांत आंघोळच कुणी केली नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, या वेळी गच्चीवरचा आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून. परत आलो तर ओल रेघेवर जिथल्या तिथे, आणि कडा फिकट झालेल्या. चोर सापडला. भिंतीत गाडलेला १९८६ चा लोखंडी जीआय पाइप गंजून कुठेतरी झिरपत होता.

उलट झालं असतं, म्हणजे घर बंद असताना ओल थांबली असती, तर संशय न्हाणीच्या फरशीवर जायला हवा होता. तेव्हा नहाणी ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा घालायचा, फरशीवर दोन-तीन बोटं पाणी साठवायचं, त्यात खायचा लाल रंग टाकायचा आणि चोवीस तासांनी खालच्यांच्या छताकडे बघून यायचं. अर्थात खालच्यांना आधी सांगून!

प्लंबरने दोन मार्ग सांगितले. भिंत फोडून नवीन पाइप आत गाडायचा, किंवा जुना पाइप कायमचा बंद करून सीपीव्हीसीचा नवा पाइप भिंतीवरून उघडाच न्यायचा. मी दुसरा निवडला. एजंटने कपाळाला हात लावला, "काकू, दिसायला किती वाईट दिसेल!" दिसतो तो पाइप, मान्य आहे. पण तो गळला तर त्याच दिवशी कळेल, चाळीस वर्षांनी पेन्सिल घेऊन बसायला नको.

त्यानंतरचं काम म्हणजे वाट बघणं, आणि लोक नेमकं तेच करत नाहीत. ओला गिलावा विटेपर्यंत काढून टाकला, अगदी ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत, आणि मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली. मग नवा गिलावा. त्याला आठवडाभर पाणी मारायचं (इतके दिवस वाळवलेल्या भिंतीला स्वतःच्या हाताने भिजवायचं, काय म्हणावं या सिमेंटला!) आणि नंतर महिनाभर वाळू द्यायचं. त्या वर्षी पाऊसही आमच्या मदतीला आला, म्हणजे उशिरा आला. मुंबईत मोसमी पाऊस पोचल्याचं २५ जूनला जाहीर झालं. तोवर आमचा रंगाचा शेवटचा हात झाला होता. प्लंबर, गवंडी, रंगारी मिळून एकतीस हजार गेले.

एप्रिल-मेमध्ये आलेली गिऱ्हाइकं उघड्या विटा बघून दारातूनच परत जायची. मुलाचा बंगळूरहून फोन. "आई, सगळेच रंग मारून विकतात. तू एकटीच का विटा दाखवत बसली आहेस?" दीर म्हणाले, "वहिनी, मुहूर्त गेला, आता भाव पडणार." ह्यांनी दोन्ही बाजूंनी ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. खरं सांगते, रात्री झोप नसायची. अडकलेलं घर म्हणजे अडकलेला पैसा, आणि ह्यांचा एकेक जिना दिवसागणिक अवघड होत होता.

त्या दिवसांत ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेले होते. त्यांनी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, यातलं कलम ५५ समजावून सांगितलं. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजीने तपासूनही ध्यानात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. लपवला तर ते कपट धरलं जातं. मला हे फार पटलं. भिंतीवर दिसणारी ओल हा घासाघिशीचा विषय असतो. तीच रंगाखाली झाकली की कायद्याचा विषय होतो.

भिंत तर सुटली, पण छताचा कोपरा राहिलाच होता. तो आमच्या हातातला नव्हता. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम, आणि संडास-न्हाणी-सिंक यांची आतली गळती संबंधित सदनिकाधारकांनी आपसांत निस्तरायची. हे इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना सभांमधून तासन् तास भांडणं होतात, हे एक नवलच. असो. त्या कोपऱ्यात पांढऱ्या पिठाऐवजी तपकिरी डाग होता, आणि ते जास्त गंभीर. तपकिरी म्हणजे आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं आणि मग एक दिवस खपली खाली पडते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिसापुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं, असं उपविधींत आहे. आमच्या इमारतीचं झालेलं होतं आणि अहवालात या कोपऱ्याचा उल्लेखही होता. मी त्या पानाची छायाप्रत काढून ठेवली.

ऑगस्टमध्ये एक जोडपं आलं. दोघं नोकरी करणारी, बरोबर मुलाची आई. बाहेर मुसळधार पाऊस. (घर घ्यायचं असेल त्यांनी जुलै-ऑगस्टमध्येच बघावं. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात.) मुलं बाल्कनी बघत होती तोवर त्या बाई थेट आत गेल्या, सिंकखालचं दार उघडून वाकून बघितलं, मग भिंतींना तळवा लावत लावत फिरल्या. छताच्या कोपऱ्यापाशी येऊन थांबल्या. एजंट काही बोलायच्या आत मी म्हटलं, "हो, तिथे गळतं. आणि या भिंतीला ओल होती, तिचं काम केलं आहे." मग त्यांना दुरुस्तीआधीच्या भिंतीचे फोटो दाखवले, तारखांच्या रेघांसकट, प्लंबरचं बिल आणि ऑडिटचं पान दाखवलं. त्यांनी दोन लाख कमी करायला सांगितले. आम्ही एकावर आलो. शिवाय गच्चीचं काम वार्षिक सभेत मंजूर झाल्याचं संस्थेचं पत्र त्यांना हवं होतं, ते चकरा मारमारून मिळवलं. ऑक्टोबरमध्ये करारनामा नोंदवला, आणि दोन्ही ओलींची हकिगत एका पानावर लिहून, सह्या करून त्याला जोडली. एजंट म्हणाला, असं पहिल्यांदाच बघतोय.

तो एक लाख मला अजून आठवतो, नाही असं नाही. नव्या घरात बाल्कनी नाही.

बाकी किरकोळ. विकायच्या आधी मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग असल्या खर्चात पडू नका. एजंटने कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. नव्या मालकांनी महिन्याभरात ओटा मुळापासून तोडला, ग्रॅनाइट असता तर तोही तोडला असता. त्यापेक्षा बिजागऱ्यांना तेल द्या, फुगून घासणारी दारं रंधून घ्या, नळांचे वॉशर बदला, बंद पडलेले दिवे लावा, खिडक्यांच्या काचा पुसा. आणि माळा रिकामा करा! आमच्या माळ्यावरून पितळी बंब, दोन सतरंज्या आणि १९९४ चे तपासलेले पेपर निघाले. कागदांपैकी मूळ करारनामा, त्याची नोंदणीची पावती, इंडेक्स टू, भागपत्र आणि शेवटची देखभालीची पावती एका फायलीत लावा. कर्ज घेणारा ग्राहक असेल तर बँक संस्थेचं ना-हरकत पत्र मागते. ते आधीच मागून ठेवलं तर शेवटच्या आठवड्यातली धावपळ वाचते.

किल्ल्या देताना मी त्या मुलीला एक वही दिली. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, टाकी कधी धुतली, बंद केलेला जुना पाइप भिंतीत कुठून कुठे जातो त्याची आकृती, म्हणजे खिळा ठोकताना घोळ नको. वॉशर, टेफ्लॉन टेप आणि छोटा पाना ठेवलेला बिस्किटांचा डबा मात्र मी बरोबर घेऊन आले. तो लगेच लागलाही. नव्या घरातला सिंकखालचा कॉक पहिल्याच आठवड्यात गळायला लागला.