आधी पाय, मग आठवण

म्हातारपण म्हटले की विसराळूपण आलेच, अशी आपणा सर्वांची एक सोयीची समजूत असते. सोयीची अशासाठी म्हणतो की, ती एकदा पत्करली म्हणजे आपल्याला पुढे काही करावे लागत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत ही समजूत मी जवळजवळ दीड वर्ष जपली. त्या दीड वर्षाची कबुली म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचे आबा प्राथमिक शिक्षक होते. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकती कोठे निजली होती, तोच किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. आमच्या गावातही कोणत्या ढिगाऱ्याखाली किती माणसे असतील, हे सांगायला कागद उरला नव्हता. तेव्हा आबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि एकेक घर, त्या घरातले एकेक माणूस, तान्ह्या लेकरासह सांगत गेले. लिहिणारा लिहीत होता, आबांना मात्र एकदाही थांबावे लागले नाही. गावाने त्यानंतर त्यांचे नावच ‘हजेरीपट’ ठेवले.

निवृत्तीनंतर आबा आमच्याकडे धाराशिव शहरात राहू लागले. २०१६ च्या सुमारास, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांची चाल मंदावली. पाऊल उचलण्याऐवजी ते फरशीवरून घासत नेत. वळायचे झाले म्हणजे जागच्या जागी सात-आठ बारीक पावले टाकीत. आम्ही गुडघ्यांना दोष दिला. तेल झाले, पट्टे झाले, गुडघ्यांचे फोटोही काढून झाले. पुढे लघवीला पोहोचेपर्यंत त्यांना धीर निघेना. मग बोलणे मंद झाले. काही विचारावे, तर उत्तर इतक्या उशिरा येई की तोवर विचारणारा उठून गेलेला असे. नातवाला पाढे शिकवणारे आबा सतराच्या पाढ्यात अडकून भिंतीकडे पाहत बसू लागले. शेजारीपाजारी म्हणाले, ‘वय झालं गुरुजींचं.’ मीही तेच म्हणू लागलो. एका डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवले, दुसऱ्यांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक पडला नाही. त्यांना तरी काय दोष द्यावा? रोगाचे सोंगच तसे होते.

एका रात्री ओसरीवर ओले झालेले धोतर धरून आबा उभे होते. नातवंडे जागी झाली होती. माझा तोल गेला. ‘आबा, आता काय लहान लेकरू आहात का तुम्ही?’ असे मी ओरडलो. त्यांनी काही उत्तर दिले नाही. खाली मान घालून ते एक पाऊल उचलण्याचा प्रयत्न करीत होते आणि ते पाऊल उचलले जात नव्हते. ते चित्र मी आजही विसरू शकलेलो नाही.

शेवटी माझ्या पत्नीच्या आग्रहाने आबांना सोलापूरला नेले. तुळजापूरचा घाट उतरताना मला वाटत होते की, हा खर्च केवळ मनाच्या समाधानासाठी चालला आहे. तेथील एका वैद्यकतज्ज्ञांनी रक्ताच्या तपासण्या करवल्या, डोक्याचा सीटी स्कॅन करवला आणि चिठ्ठी लिहून दिली ती न्यूरोसर्जनकडे. माझ्या छातीत धस्स झाले. विसरण्याच्या रोगाला सर्जन कशाला? या वयात आता कवटी उघडणार की काय?

त्या डॉक्टरांनी स्कॅन बाजूला ठेवून आबांना आधी चालायला सांगितले. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, ‘आधी काय बिघडलं? चाल की डोकं?’ मी म्हणालो, ‘डोकं.’ पत्नी लगेच म्हणाली, ‘नाही डॉक्टर, आधी पाय. मागच्या नाताळात मिस्साहून घरी यायला आबांना अर्धा तास लागला. त्या वेळी पाढे अगदी तोंडपाठ होते त्यांचे.’ डॉक्टरांनी मान हलवली. ज्याने रोज पाहिले होते त्याला ठाऊक होते. ज्याला मुलगा म्हणतात त्याला नव्हते.

मग त्यांनी आम्हांला समजावून दिले. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तेथे दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर स्वच्छ पाणी तयार होते, आणि तेवढेच शोषले जाते. एका वेळी मेंदू व पाठीचा कणा मिळून ते दीडशे मिलिलिटरच्या आसपास असते. उतारवयात काही जणांत हा निचरा बिघडतो, पोकळ्या फुगतात आणि भोवतालच्या तंतूंवर ताण येतो. पाय, लघवी आणि बुद्धी, बहुधा याच क्रमाने तिघांवर परिणाम होतो. या विकाराला ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’ असे लांबलचक नाव आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत असे रुग्ण थोडेच. पण ज्यांचा स्मृतिभ्रंश शस्त्रक्रियेने मागे वळू शकतो, असे जे मोजके असतात, त्यांत हे येतात. डोक्याला मार लागल्यानंतर कवटीखाली हळूहळू साकळणारे रक्त हेही तसेच दुसरे कारण. पडल्याचे घरचे विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी म्हातारा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो.

हा विकार जगापुढे मांडला तो कोलंबिया देशातील बोगोटा शहराच्या सालोमोन हाकीम या न्यूरोसर्जनने. अपघातानंतर शुद्ध हरपलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या कण्यातून त्यांनी १९५७ साली थोडे पाणी काढले, आणि तो मुलगा सुधारू लागला. मेंदूतील दाब तर मोजमापाने सामान्यच भरत होता! या कोड्यामागे ते वर्षानुवर्षे लागले आणि १९६५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आबांचीही तशीच परीक्षा झाली. दालनात खडूने दोन रेघा मारून त्यांना चालवले. चौतीस पावले भरली. मग कमरेतून सुई घालून सुमारे चाळीस मिलिलिटर पाणी काढले. काही तासांनी पुन्हा चालवले, तेव्हा बावीस पावले! माझा पोरगा असता तर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या. मी मात्र भिंतीला टेकून उभा राहिलो.

डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. ते म्हणाले, ‘चाल सर्वांत अधिक सुधारेल, मग लघवी, आणि आठवण सर्वांत कमी. नळी तुंबू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. पाणी फार वाहिलं तर मेंदूभोवती रक्तस्रावही होऊ शकतो.’ आणि थोडे थांबून म्हणाले, ‘वर्षभर आधी आला असतात, तर अधिक खात्रीनं बोललो असतो.’ हे वाक्य त्यांनी सौम्यपणे उच्चारले. मला ते अजून बोचते.

शस्त्रक्रियेत कवटीला एक लहान छिद्र पाडून तेथून बारीक नळी कातडीखालून, कानामागून, मान व छातीवरून पोटात सोडतात. जास्तीचे पाणी पोटात उतरते आणि तेथे शोषले जाते. मध्ये एक झडप असते, ती पाणी एकाच दिशेने जाऊ देते. १९५६ साली अशी झडप बनवणारे अमेरिकेतील जॉन होल्टर हे तंत्रज्ञ होते. स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या डोक्यात पाणी साठले म्हणून या बापाने घरी खटपट करून ती घडवली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील शाहजहाँपूर येथे तयार होणारी ‘छाब्रा’ शंट परदेशी नळ्यांच्या मानाने फार स्वस्त पडते, आणि गोरगरिबांच्या कामी येते. भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. तेथून निघालेली ही विद्या आमच्यासारख्यांच्या हाताशी, सत्तर किलोमीटरवर येऊन पोहोचली होती. आम्हीच तिच्याकडे उशिरा पोहोचलो.

तिसऱ्या दिवशी आबा कुणाचा हात न धरता खिडकीपर्यंत गेले. तीन महिन्यांत रात्रीची फजिती थांबली. आठवण सगळी परत आली नाही. सतराचा पाढा जमू लागला, पण गावाची हजेरी मारुतीच्या देवळापुढे सरकेना.

दोन वर्षांनी आबांची थोरली बहीण, आमची आत्या, तेच तेच प्रश्न विचारू लागली. स्वतःच्याच गल्लीत ती वाट चुकली. मी मोठ्या उमेदीने तिला त्याच डॉक्टरांकडे नेले. मनात म्हटले, इथेही एक नळी बसवतील आणि आत्या पूर्वीसारखी होईल. आत्या दवाखान्यात झपझप चालत गेली. डॉक्टरांनी स्कॅन पाहिला, थायरॉइड व बी-१२ जीवनसत्त्वाचे अहवाल पाहिले, पडल्याचे विचारले आणि म्हणाले, ‘इथे माझ्या हत्याराचं काम नाही. हा अल्झायमरचा आजार आहे.’ जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केलेला हा रोग शंभराहून अधिक वर्षे झाली तरी समूळ बरा होत नाही. डॉक्टरांनी आत्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले, पण त्याआधी अर्धा तास आमच्याशी बोलले. तिला खोडून काढू नका, दाराला वरची कडी लावा, संध्याकाळी एकटे सोडू नका, सांभाळणाऱ्या सुनेलाही विश्रांती द्या, असे एकेक सांगत गेले. शस्त्रक्रिया कुणावर करू नये हे ठरवणे, आणि ते घरच्यांच्या डोळ्यांत पाहून सांगणे, हेही सर्जनचेच काम आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आत्याचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. पुढची तीन वर्षे आबा रोज संध्याकाळी काठी घेऊन एकटे तिकडे जात. तिला भाऊ ओळखू येत नसे. ‘तुम्ही कुठले?’ असे ती विचारी, आणि आबा दर वेळी गावाचे नाव सांगून पहिल्या गल्लीपासून हजेरी सुरू करीत. देवळापाशी ते थांबत. एखादे दिवशी पुढचे घर आत्याच सांगे, ‘तिथं लिंबाखाली सुताराचं.’ आणि दोघेही हसत. आत्या गेली, त्यानंतर २०२२ साली आबाही गेले.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी विसरू लागले असेल, तर ‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी त्यांना अंगणात थोडे चालवून पाहा. पाऊल उचलते की घासते? आधी काय बिघडले? मागच्या महिन्या-दोन महिन्यांत कुठे पडले होते का? घरात जे त्यांचे अंथरूण-पांघरूण पाहते, तिला विचारा, ती सांगेल. उत्तर घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि लवकर जा. कदाचित तेथे नळीचा उपाय निघेल. कदाचित निघणार नाही. पण निदान काय सोसायचे आहे ते ठाऊक होईल, आणि मध्यरात्री एखाद्या ओल्या धोतराकडे पाहून तुमच्या तोंडून जे माझ्या तोंडून गेले ते जाणार नाही.