तारीख नसलेले राजीनामे

व्यापाऱ्याच्या तिजोरीत कधीकधी असा एखादा धनादेश असतो, ज्यावर सही आहे, रक्कम आहे, फक्त तारीख घातलेली नाही. देणाऱ्याने तो विश्वासाने दिलेला असतो आणि घेणाऱ्याला तो शक्यतो वटवायचा नसतो. त्याचे खरे मोल तो तिजोरीत पडून राहण्यात असते. १९६५ साली ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांनी आपल्या संघटनेच्या हाती असेच कागद सोपवले होते. तेथील सुमारे २२ हजार फॅमिली डॉक्टरांपैकी जवळपास १८ हजारांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेचे राजीनामे सही करून, परंतु तारीख न घालता, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडे दिले. ते राजीनामे शेवटपर्यंत सादर झाले नाहीत. मात्र त्यांच्या बळावर संघटनेच्या नेत्यांनी जे मागितले आणि जे मिळवले, ते कोणत्याही व्यवसायाच्या संघटनेने अभ्यासावे असे आहे.

हा प्रसंग समजण्यासाठी थोडा जमाखर्च पाहावा लागतो. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि रुग्णाला उपचार विनामूल्य मिळू लागले. फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. ते स्वतंत्र व्यावसायिक राहिले आणि त्यांच्या यादीत जितकी माणसे, तितके वार्षिक शुल्क सरकार त्यांना देऊ लागले. दवाखान्याचा खर्चही सरकार देत असे, पण तो प्रत्येकाच्या हिशेबाप्रमाणे नव्हे. देशभरातील सर्व डॉक्टरांचे उत्पन्न आणि खर्च एकत्र धरून एक सामाईक निधी ठरे आणि त्यातून सर्वांना सरासरीने वाटप होई.

समजा, यादीत सारखीच माणसे असलेले दोन डॉक्टर आहेत आणि खर्चाची सरासरी हजार पौंड आहे. पहिल्याने परिचारिका नेमली, स्वच्छ व उजेडाची जागा घेतली; त्याचा खर्च चौदाशे झाला. दुसऱ्याने घराच्या मागच्या खोलीत चार खुर्च्या टाकल्या आणि सहाशेत भागवले. दोघांनाही हजारच मिळणार. म्हणजे पहिल्याला चारशेची खोट आणि दुसऱ्याला चारशेचा नफा! ज्या पेढीत मेहनती गुमास्त्याच्या पगारातून कापून आळशी गुमास्त्याला बक्षीस दिले जाते, त्या पेढीचे पुढे काय होते, हे व्यापारी घरातील मुलालाही सांगावे लागत नाही. विशेष म्हणजे यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. केवळ हिशेबाची पद्धत चुकीची होती.

परिणाम व्हायचा तो झालाच. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधील दवाखाने प्रत्यक्ष पाहून ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अहवाल प्रसिद्ध केला. औद्योगिक वस्त्यांतील कोंदट खोल्या, अपुरी साधने आणि घाईघाईची तपासणी यांचे त्यातील वर्णन वाचून अनेकांना धक्का बसला. पुढे १९५८ मध्ये एका शाही आयोगासमोर लॉर्ड मोरन यांनी, तज्ज्ञपदाच्या शिडीवरून जे घसरतात ते फॅमिली डॉक्टर होतात, अशा आशयाचे विधान केले. हे मोरन म्हणजे चर्चिल यांचे डॉक्टर आणि फिजिशियनांच्या रॉयल कॉलेजचे माजी अध्यक्ष. आपल्याच व्यवसायबंधूंच्या मनात आपले स्थान काय आहे, हे फॅमिली डॉक्टरांना त्या दिवशी कळले. तरुण डॉक्टर रुग्णालयांकडे वळू लागले. काहींनी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

या अवस्थेतून बाहेर पडण्यासाठी दोन वेगळ्या प्रकारचे नेतृत्व उभे राहिले. पहिले ज्ञानाच्या बाजूने. डॉ. जॉन हंट आणि डॉ. फ्रेझर रोझ या दोघांनी १९५१ मध्ये फॅमिली डॉक्टरांचे स्वतंत्र कॉलेज असावे अशी सूचना मांडली. फिजिशियन, सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्या तिन्ही रॉयल कॉलेजांना ही कल्पना पसंत नव्हती. नव्या संस्थेने स्वतंत्र न राहता त्यांच्या छत्राखाली यावे, असे त्यांचे मत होते. संस्थापकांनी वादात वेळ घालवला नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये गाजावाजा न करता त्यांनी कॉलेज स्थापन केले आणि मगच ते जाहीर केले. हंट सचिव झाले. याच संस्थेला पुढे ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. फॅमिली डॉक्टर होण्यासाठीही स्वतंत्र प्रशिक्षण हवे, हा तिचा आग्रह होता. १९७६ मध्ये त्यासाठी कायदा झाला. म्हणजे एक मागणी पदरात पडायला जवळपास पाव शतक लागले.

दुसरे नेतृत्व वाटाघाटीचे होते आणि ते ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडे होते. १९६५ च्या आरंभी मानधन ठरवणाऱ्या मंडळाने सुचवलेली वाढ डॉक्टरांच्या मागणीच्या मानाने फारच तोकडी निघाली. संताप उसळला आणि राजीनाम्यांचा ओघ सुरू झाला. संघटनेच्या वाटाघाटी समितीचे अध्यक्ष होते डॉ. जेम्स कॅमेरून, स्वतः एक फॅमिली डॉक्टर. हाती १८ हजार सह्या असलेल्या माणसाला आकडा वाढवून मागणे अगदी सोपे होते. सभासदांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. कॅमेरून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी मार्च १९६५ मध्ये ‘फॅमिली डॉक्टरांची सनद’ सरकारपुढे ठेवली.

त्या सनदेतील मागण्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. रुग्णाची उत्तम सेवा घडायची तर डॉक्टरला काय लागते, येथून ती सुरू होते. प्रत्येक रुग्णासाठी पुरेसा वेळ, नवे ज्ञान मिळवण्याची संधी, उपचाराचे स्वातंत्र्य, नीटनेटकी जागा, तपासण्यांची व मदतनिसांची सोय, असे एकेक येत जाते आणि पैशाचा विषय यादीच्या शेवटाकडे येतो. तेथेही केवळ अधिक रक्कम मागितलेली नाही. चांगले काम करण्यास उत्तेजन मिळेल, अशी मोबदल्याची पद्धत मागितली आहे. गेलेल्या वर्षाची वसुली करण्यापेक्षा खतावणीचे चुकीचे खातेच दुरुस्त करावे, हा त्यातील विचार होता.

समोर आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन होते. ते स्वतः एका फॅमिली डॉक्टरचे पुत्र होते. महिनोन्महिने चर्चा चालली आणि १९६६ मध्ये नवा करार अमलात आला. जुना सामाईक निधी संपला. दवाखान्याचे भाडे आणि स्थानिक कर सरकार भरून देऊ लागले. परिचारिका व मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के भाग मिळू लागला. दवाखाने बांधण्यासाठी कर्ज देणारे स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात जाणाऱ्यास जादा भत्ता ठरला. कालपर्यंत परिचारिका नेमणारा तोट्यात जात होता, त्याचा भार आता हलका झाला. पाहता पाहता एकट्यादुकट्याच्या खोलीऐवजी चार-पाच डॉक्टरांचे एकत्रित दवाखाने उभे राहू लागले.

या यशालाही मर्यादा होत्या. सामूहिक राजीनाम्याची धमकी अखेर आजारी माणसाच्या जिवावर दिलेली असते. म्हणूनच ते कागद कपाटाबाहेर न काढण्यात नेत्यांचा विवेक दिसतो. शिवाय करार बदलला तरी विषमता सरली नाही. वेल्समधील एका खाणगावाचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, जेथे उत्तम वैद्यकीय सेवेची गरज अधिक, तेथेच ती कमी मिळते. अशा अनेक खाणगावांत आणि कारखान्यांच्या वस्त्यांत, जेथे स्थानिक डॉक्टर जाण्यास राजी नव्हते, भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे दवाखाने सांभाळले. सनदेवर त्यांची नावे ठळकपणे आढळत नाहीत, परंतु तिने उभी केलेली व्यवस्था त्यांच्याही खांद्यावर चालली.

भारतातही २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने कुटुंबवैद्यकातील प्रशिक्षित तज्ज्ञांची गरज स्वतंत्रपणे नोंदवली. तरीही महाराष्ट्रातील पेठापेठांतून, आजोबांपासून नातवापर्यंत साऱ्यांच्या प्रकृती तोंडपाठ असलेला डॉक्टर दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. घरातील मुलगा वा मुलगी डॉक्टर झाली की, पुढचा प्रश्न ‘कशात तज्ज्ञ?’ हाच असतो. लॉर्ड मोरन यांची शिडी अजून घरोघरी उभी आहे, असेच म्हणावे लागेल.

कापडाची असो, किराण्याची असो वा सराफीची, प्रत्येक व्यापारी संघटनेत आज ना उद्या मागण्यांचे निवेदन लिहिण्याची वेळ येते. त्या वेळी बहुधा पहिल्याच ओळीत सवलतीचा आकडा येतो आणि ग्राहकाचा उल्लेख शेवटी, उपचारापुरता. कॅमेरून यांच्या समितीने हा क्रम उलटा लावला. त्यामुळे सरकारला ती मागणी फेटाळणे कठीण गेले, आणि मागणी मान्य झाल्यावर लाभ डॉक्टरांइतकाच दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णालाही झाला.