स्वयंपाकघरातील चित्र

गेल्या चैत्रात आमच्या मूर्तिजापूरच्या घरास रंग द्यावयाचे ठरले, आणि भिंतींवरील सर्व चित्रे उतरवून माजघरात एका सतरंजीवर मांडण्यात आली. भिंतीवर असता ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष गेले नव्हते, ती चित्रे जमिनीवर येताच प्रत्येकास त्यांच्याविषयी काहीतरी बोलावयाचे आहे असे दिसून आले. धाकट्या चिरंजीवांच्या मते त्यांतील निम्मी रद्दीत घालण्याजोगी होती. सूनबाईंस दिवाणखान्यात वारली चित्र हवे होते. आमच्या मंडळींनी शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर तेवढी, कोणास न विचारता, आपल्या पलंगावर नेऊन ठेवली. बाकीचा निर्णय मजवर सोपविण्यात आला. मी तीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविले, तेव्हा सौंदर्याविषयी मला काही कळत असावे असा घरातील माणसांचा समज आहे.

सतरंजीवरील सर्वांत वडील चित्र म्हणजे राजा रविवर्म्याची शकुंतला. पायातील काटा काढण्याच्या मिषाने ती मागे वळून पाहते आहे. (कालिदासाने काटा म्हटलेले नाही, दर्भाचा अंकुर म्हटले आहे, पण चित्रकारास एवढी मुभा द्यावयास हरकत नाही.) आमच्या गावाहून यवतमाळ व अचलपूर येथे जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या अरुंद मापाच्या गाडीचे नावही शकुंतलाच, त्यामुळे पाहुणे ही तसबीर पाहून हटकून विनोद करीत. हे चित्र आजोबांनी घेतले. ते काही धनवान नव्हते. परंतु १८९४ साली रविवर्म्याने मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला आणि संस्थानिकांच्या महालांत राहणारी चित्रे सामान्य गृहस्थाच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचली. पुढे तो कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि १९७२ साली आगीत नष्ट झाला. त्याच्याही आधी, १८७८ साली, पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली होती. तिचे रामपंचायतन आमच्या देवघराबाहेर होते. स्वस्त चित्र म्हणजे हलके चित्र, असे आजोबांच्या मनात कधी आले नसावे. ते माझ्या मनात आले, आणि त्याचीच हकीकत मला सांगावयाची आहे.

त्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकतो. विष्णुधर्मोत्तरपुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र आहे. राहत्या घरात शृंगार, हास्य व शांत या तीन रसांचीच चित्रे असावीत. युद्धे, स्मशाने आणि भयानक देखावे देवालयांस व राजसभेस शोभतात, अशा आशयाचा त्यात नियम आहे. हा नियम मला शास्त्रापूर्वी अनुभवाने कळला होता. लहानपणी आमच्या ओसरीच्या बोळात यमयातनांचे एक चित्र टांगलेले असे; पाप्यांस तेलाच्या कढईत तळीत आहेत, वगैरे. रात्री परसाकडे जावयाचे म्हणजे मी डोळे मिटून भिंत चाचपीत जात असे. उत्तररामचरितात चित्रदर्शनाच्या प्रसंगी शूर्पणखा पाहून सीता दचकते आणि राम तिला हे केवळ चित्र आहे म्हणून समजावतो. पण माझी समजूत घालावयास तेथे कोणी नसे. ते चित्र मी आता निःशंकपणे बाद केले.

१९७५ साली मी मॅट्रिक झालो आणि पुढे चार वर्षे एका पाठशाळेत राहून संस्कृताचा अभ्यास करून घरी आलो. वय विशीचे, डोक्यात साहित्यशास्त्र ताजे, आणि ट्रंकेत अजिंठ्याच्या पद्मपाणीचे मासिकातून कापलेले चित्र. ते मी दिवाणखान्यात लावले. येथवर ठीक होते. परंतु स्वयंपाकघरात चुलीसमोरच्या भिंतीवर आईने एका कापसाच्या अडत्याकडून आलेल्या दिनदर्शिकेतील बालकृष्ण लावला होता. चित्र रघुवीर मुळगावकरांचे. त्या काळी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका यांतून मुळगावकर व दीनानाथ दलाल घरोघर पोहोचले होते. वर्ष सरले तेव्हा आईने तारखांचा भाग कापून टाकला आणि वरची पत्र्याची पट्टी तशीच ठेवून चित्र खिळ्यास अडकविले. मी तिला सांगितले, की हे चित्र नव्हे, जाहिरात आहे. गाल गुलाबी, डोळे पाणीदार, सर्व काही गोड गोड. पद्मपाणीच्या रेषेपुढे याची किंमत ती काय! एवढ्यावर न थांबता मी ते उतरविले, पट्टी फाडून काढली आणि तो जाड गुळगुळीत कागद माझ्या आपट्यांच्या संस्कृत कोशास वेष्टन म्हणून घातला, चित्र आत आणि पांढरी बाजू बाहेर.

आई रागावली नाही. "कोशाला पुठ्ठा छान बसला हो," एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्या खिळ्यास चाळणी लटकू लागली. पुढे आई बारा वर्षे होती. त्या भिंतीवर तिने दुसरे चित्र लावले नाही.

आता रंगाऱ्याने स्वयंपाकघरातून हाक मारली, "गुर्जी, हा खिया काहाडून टाकू काय?" मी थांब म्हणालो. सूनबाईंनी विचारले, "मामंजी, एवढ्या खाली चाळणीसाठी कोणी खिळा मारला?" तेव्हा मला सर्व सांगावे लागले. शाळेत जाणारा नातू ऐकत होता. "मग तो कोश कुठे आहे?" असे त्याने विचारले. कोश कपाटातच होता, आणि वेष्टनही! ते सोडविले तेव्हा आतील रंग, उजेड न लागल्यामुळे, भिंतीवरील शकुंतलेच्या रंगांहून ताजे निघाले. शकुंतलेवर चाळीस उन्हाळे पश्चिमेचे ऊन आले आहे. बालकृष्णाच्या कपाळावरून मात्र कोशाच्या कण्याची घडी गेली आहे.

चौकटवाला चित्र खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून देत होता. ते मी करू दिले नाही. खळीचा वास लागला की झुरळे आणि कसर येते, व पुढे कागद सोडविता येत नाही. काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड कागदाची कड ठेवविली, आणि चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावविले, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल चित्रास पोहोचत नाही. एकूण खर्च साडेतीनशे रुपये झाला.

शकुंतला उत्तरेच्या भिंतीवर नेली. वारली चित्रही आले, हातभर कापडावरचे. वारली स्त्रिया लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ज्या जिव्या सोमा म्हशांनी ही कला जगापुढे नेली, त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. धाकट्या चिरंजीवांस मात्र काहीच पसंत पडले नाही, आणि त्यांच्या खोलीची एक भिंत त्यांनी कोरी ठेविली आहे. तीही वाईट दिसत नाही.

बालकृष्ण लावावयाच्या वेळी पुन्हा वाद निघाला. आता स्वयंपाक उभ्याने होतो. खिळा जमिनीपासून अडीच हातांवर. तो वर घ्यावा असे सर्वांचे म्हणणे पडले. मी पाट मागवून चूल होती त्या जागी बसून पाहिले. खिळा बरोबर डोळ्यांसमोर येत होता. आई भाकरी थापताना जितकी उंच दिसे, तितक्याच उंचीवर तो तिने ठोकला होता. हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते.

सूनबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी चौकट घेतली आणि त्याच खिळ्यास अडकविली. उभ्याने पाहावयाचे तर वाकावे लागते. साडेतीन वर्षांच्या नातीस तेवढे लागत नाही. चाळणीसाठी दुसरा खिळा मारून घेतला.