छत्र्यांचा माल

8 जानेवारी 2024, डोंबिवली
चीनहून भाव आला. मेहुणा लगेच नफा मोजायला बसला. भाव एफओबी आहे. जहाजाचं भाडं, विमा आपल्यावर. छत्रीवर सीमाशुल्क 20 टक्के, 2022 च्या बजेटआधी 10 होतं. वर आयजीएसटी. तो क्रेडिटमध्ये मिळेल, पण आधी रोख भरायचा. मेहुण्याचा नफा निम्म्यावर.

17 जानेवारी
नमुना आला. बाथरूममध्ये शॉवरखाली धरला. टोकाजवळच्या शिवणीतून थेंब. काड्या लोखंडी, ठरल्या होत्या फायबरच्या. फोटो पाठवले.

19 जानेवारी
कारखान्याचं उत्तर: 'चुकून दुसरा नमुना गेला.' बरं. योग्य तो पाठवा, मग ऑर्डर.

30 जानेवारी
दुसरा नमुना ठीक. पण 10 फेब्रुवारीला त्यांचं नवीन वर्ष, कामगार गावी निघालेसुद्धा. मार्चआधी मशीन चालू होणार नाही. मिरगाला माल हातात हवा.

6 मार्च
मेल: आमचं बँक खातं बदललंय, 30 टक्के आगाऊ नव्या खात्यात भरा. व्हिडिओ कॉल लावला. कारखान्याचा मालक चक्रावला. मेल त्याचा नव्हताच.

13 मार्च
आता मालकच विचारतो, बिलात किंमत कमी दाखवू? नको. कस्टमकडे इतरांच्या मालाचे दर असतातच. अडकेल तो आमचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड.

4 एप्रिल
स्टिकरचा मजकूर पाठवला. आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा फोन. तिकडेच लावून पाठवा. न्हावाशेवाला पेट्या कोण फोडत बसणार? प्रूफात पिनकोडचा एक आकडा गायब. परत पाठवलं.

15 मे
जहाज सोमवारी लागतंय. त्याच दिवशी लोकसभेचं मतदान. बिल ऑफ एंट्री आदल्या दिवसापर्यंत भरायची; उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000, पुढे रोज 10,000. कस्टमच्या एजंटला (सीएचए) कागद आजच दिले.

23 मे
एमआयडीसीत स्फोट. दुकानाच्या काचा हादरल्या. दिवसभर फोन. मालाचं कुणी विचारलं नाही.

28 मे
माल सुटला. टेम्पो शिळफाट्याला अडकलाय.

10 जून
काल मुंबईत पाऊस दाखल. गिऱ्हाईक स्टिकर वाचून म्हणतं, 'चायना? मग कमी करा.' दहा रुपये सोडले.

16 जून
पावसाने दडी मारली. कॅश क्रेडिटचं व्याज चालू.