नवाने भाग जातो

हिशेबात फरक आला म्हणजे माणसाचा खरा स्वभाव कळतो. कॅशियर गप्प होतो, साहेब चहा मागवतात आणि माझ्यासारखा कारकून पेन्सिलीला टोक करायला बसतो. हल्ली बँकेत बेरजा आपोआप होतात, त्यामुळे पेन्सिलीला टोक करण्याचे प्रसंग राहिले नाहीत. म्हणून गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला आणि "मामाजी, हिशेब जुळून नाही राहिला," असं तो म्हणाला, तेव्हा खरं सांगतो, मला आनंदच झाला. दुसऱ्याच्या फरकासारखी करमणूक नाही.

आमचा भाचा पुण्याच्या एका कंपनीची नोकरी चंद्रपुरात कूलरसमोर बसून करतो. फावल्या वेळात त्याने कुरखेड्याच्या पलीकडच्या एका ग्रामसभेला तेंदूपत्त्याच्या हिशेबाचा प्रोग्रॅम करून दिला होता, फुकट. गडचिरोली जिल्ह्यात १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या जोरावर अनेक ग्रामसभा आता तेंदूचा व्यवहार स्वतःच बघतात. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर मोजून द्यायचे. मुन्शी वहीत लिहितो, शेकड्याच्या भावाने पैसे होतात. ऐकायला सोपं वाटतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात ज्याने दुपारी दहा मिनिटं छत्रीशिवाय काढली आहेत, त्याला त्यातली गंमत कळेल. हे पैसे म्हणजे त्या घरांचं खरिपाचं बियाणं आणि पोरांच्या वह्या. आणि यादी सोमवारी बँकेत जायची होती.

फरक सात नावांत होता. बाकी दोनशेच्या वर नावं चोख. त्यातल्या एका आजीबाईंचे मुन्शींच्या वहीत दोन दिवसांचे मिळून २०५ पुडे होते आणि यंत्रात १२०८५. म्हणजे ८,४५,९५० पानं, दोन दिवसांत. ग्रामसभेचे सचिव भाच्याला फोनवर फार सभ्यपणे म्हणाले होते, "तुमचं मशीन चांगलं आहे जी, पण आमचं जंगल एवढं मोठं नाही."

मी गेलो. ताईने पन्हं दिलं. मी पेन्सिल घेतली आणि सातही फरक काढले. आजीबाईंचा फरक ११८८०. अंकांची बेरीज अठरा. नवाने भाग जातो! दुसऱ्याचा जातो. सातही जणींचा जातो. वाणिज्य शाखेत आयुष्यभर पुरेल अशी एकच गोष्ट शिकवतात, ती ही, की ताळा जुळत नसेल आणि फरकाला नवाने भाग जात असेल तर आकड्यांनी आपापसात जागा बदलल्याचा संशय धरावा. ४५ च्या जागी ५४ लिहिलं की नऊचा फरक, ४५० च्या जागी ४५ लिहिलं की ४०५ चा, त्यालाही नवाने भाग जातोच.

"आकडे खरे आहेत, फक्त जागा सोडून बसलेत," मी निकाल दिला.

"मामाजी, हे जावास्क्रिप्ट आहे, खतावणी नाही," भाचा म्हणाला. "आत उतरून पाहावं लागंल. थांबा, निम टाकतो."

स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "कूलरच्या पाण्यात टाकून राहिला का रे? पाला धुऊन घे."

हा निम झाडाचा नव्हता. नोड इन्स्पेक्टर मॅनेजर या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. क्रोम ब्राउझरला जोडायचं एक उपकरण. बसवायला काही लागत नाही. दुकानाचं पान उघडायचं, बटण दाबायचं, त्याने परवानगी मागितली की द्यायची. आमच्याकडे टाचणीचा डबा मागवायला याहून जास्त सह्या लागतात.

नोड म्हणजे काय, हे मला त्याच दिवशी कळलं. जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राउझरच्या आत राहणारी घरकोंबडी भाषा. २००९ साली रायन डाल या गृहस्थाने गूगलचं व्ही-८ हे इंजिन ब्राउझरबाहेर काढून तिला सर्व्हरवर नोकरी लावून दिली, तेच नोड. पूर्वी तिच्या पोटात डोकावायला निराळा प्रोग्रॅम लागायचा. २०१६ च्या जुलैत ६.३ ही आवृत्ती आली आणि ही सोय घरातच झाली. सुरू करताना दोन आडव्या रेघा काढून 'इन्स्पेक्ट' लिहायचं, की प्रोग्रॅम ९२२९ नंबरची एक खिडकी उघडून बसतो. निमचं काम एवढंच, की त्या खिडकीवर लक्ष ठेवायचं आणि ती उघडली रे उघडली की तपासणीचं पान आपल्यासमोर आणून टाकायचं. शिपाई म्हणा ना. मात्र ही खिडकी १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे आपल्याच अंगणात उघडते आणि तिथेच ठेवावी. बाहेरच्या जगाला ती दिसली, तर कोणीही येऊन आत हवं ते करून जाईल. तिजोरीची किल्ली ओसरीवर टांगण्याचा प्रकार.

भाच्याच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम आधीच चालू होता. तो बंद न करता खिडकी उघडायची असेल तर लिनक्सवर एक आज्ञा द्यावी लागते, तिचं नाव 'किल'. सोबत 'यूएसआर-वन' असा इशारा द्यायचा, मग ती कोणाला मारत नाही, नुसतं खांद्यावर टकटक करते. पण भाचा तोंडाने मोठ्यांदा "आता किल करतो" म्हणाला आणि ताई हातात लाटणं घेऊन बाहेर आली. संगणकवाल्यांना नावं ठेवताना कोणा शहाण्या बाईला विचारायची पद्धत नसावी.

पान उघडलं. डावीकडे फायली, मधे भाच्याचा प्रोग्रॅम, उजवीकडे रिकाम्या चौकटी. आता दोनशे नावांच्या मागे ओळीओळीने धावायचं की काय, असं मला वाटलं. तसं नसतं. आमच्या ताडोबात बुद्धपौर्णिमेच्या रात्री लोक मचाणावर बसतात, ते वाघाच्या मागे धावतात का? पाणवठा बघून बसतात. वाघ कधीतरी पाण्यावर येणारच. तसं भाच्याने बेरीज जिथे होते त्या ओळीचा आकडा टिचकावला, त्यावर निळा बिल्ला चढला. याला ब्रेकपॉइंट म्हणतात. प्रोग्रॅम त्या ओळीवर आला की जागच्या जागी गोठतो, आणि त्या क्षणी त्याच्या हातात काय काय होतं ते उजवीकडच्या चौकटीत दिसतं. मग एक-एक पाऊल पुढे टाकायला लावायचं. वाघ मात्र असा गोठत नाही, हा एक फरक.

भाच्याने आजीबाईंची दुसऱ्या दिवसाची नोंद फोनवरून पुन्हा भरली. प्रोग्रॅम गोठला. आणि नेमकं तेव्हाच भाचीने शेजारच्या खोलीतून दुसऱ्या फोनवर तीच यादी उघडली. चक्र फिरायला लागलं, फिरतच राहिलं. "दादा, बंद पडलं!" बंद नव्हतं पडलं. नोडमध्ये तुमचा प्रोग्रॅम चालवणारा माणूस एकच, खिडकी एकच. येणारं प्रत्येक काम तो घेतो, वेळ लागणारं असेल तर मागे पाठवून देतो, 'झालं की हाक मारतो' म्हणतो आणि पुढचं घेतो. पूर्वी बँकेत पितळी टोकन देऊन बसवून ठेवत, तीच रीत. पण त्या एका माणसालाच तुम्ही दंड धरून थांबवलंत, तर सगळी रांग ताटकळणार. म्हणून हा उद्योग चालत्या गावगाड्यावर करायचा नसतो, घरच्या नकलेवर करायचा.

तर चौकटीत दोन ओळी होत्या. जुने पुडे: १२०. नवे पुडे: "८५".

मी चष्मा पुसला. "याच्याभोवती अवतरणचिन्हं काऊन आहेत रे?"

भाचा काही बोलला नाही. डोक्याला हात लावून बसला.

गोम अशी होती. पहिली नोंद भरायच्या पानावर त्याने फोनकडून आलेल्या मजकुराचा आकडा करून घेतला होता. मागाहून वाढवायच्या नोंदीच्या पानावर तेवढं राहून गेलं. फोन पाठवतो ती अक्षरं. आणि जावास्क्रिप्टला अधिकचं चिन्ह दाखवलं आणि दोहोंपैकी एक जरी अक्षर असलं, की ती बेरीज करत नाही, जोडाक्षर करते. १२० ला ८५ चिकटले, १२०८५ झाले. वजाबाकीच्या वेळी मात्र तीच बाई शहाण्यासारखी दोन्हींना आकडे समजते, त्यामुळे खराब पुडे वजा केलेल्या बायांचे हिशेब बिनचूक होते, आणि त्यामुळेच भाच्याचा त्या पानावर संशय जात नव्हता. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात ही भाषा दहा दिवसांत उभी केली. ज्या साली ताडोबा आणि अंधारी मिळून आमचा व्याघ्रप्रकल्प झाला, तेच साल. प्रकल्पाला निदान दहा दिवसांहून जास्त लागले असावेत.

मी तोवर कागदावर मांडून पाहत होतो. १२० च्या पुढे दोन अंक चिकटले, म्हणजे १२० चे झाले १२०००. वाढ झाली ११८८०, म्हणजे १२० गुणिले ९९. तीन अंक चिकटले असते तर ९९९ पट. कसंही चिकटवा, नवाने भाग जाणारच! कागद भाच्यापुढे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला. त्याच्या तोंडून "अबे!" निघालं, आणि मग मामासमोर निघालं म्हणून त्याने जीभ चावली.

दुरुस्ती एका शब्दाची होती. नवी यादी वहीशी पुड्यालापुडा जुळली. सचिवांनी ती सोमवारी अकराच्या आत बँकेत दिली, आणि पैसे मृगाच्या आधी पोचले. आजीबाईंना त्यांनी १२०८५ ची गोष्ट सांगितली, तर त्या म्हणाल्या म्हणे, "तेवढी पानं मीच तोडली असती बापा, तर बाकीच्यांनी काय केलं असतं?"

भाच्याने नंतर प्रोग्रॅममध्ये एक तपासणी घातली आहे. वहीची बेरीज आणि यंत्राची बेरीज यांच्या फरकाला नवाने भाग गेला, की यादी पुढे जाऊच देत नाही. त्या तपासणीला त्याने नाव दिलंय 'मामाजी'. परवा सचिवांचा फोन आला होता. पडद्यावर 'मामाजी अडून बसले आहेत' असं येऊन राहिलं, काय करू, असं विचारत होते.