चार इंचांचा उंबरा

आमच्या धायरीच्या गॅलरीतून सिंहगड दिसतो. आई तो कितीदा तरी चढली आहे, अगदी साठीनंतरही. खुबा मोडल्यावर तिला अडवलं ते न्हाणीघराच्या उंबऱ्यानं. चार इंचांचा काळा कडप्पा. वॉकर त्यावर चढेना. मग रोज मी तिला धरून आत न्यायचे, अंगावर पाणी घालायचे. आई भिंतीकडे तोंड करून बसायची, आंघोळीचा श्लोकही म्हणायची नाही. एकदा म्हणाली, "अगं, मला कडी लावून आंघोळ करायचीय."

त्याच आठवड्यात मिस्त्री बोलावले.

इमारत ग्रामपंचायतीच्या काळातली, 2017 साली आमचा भाग महापालिकेत गेला त्याच्या आधीची. न्हाणी 4 बाय 6 फुटांची. उंबरा नुसता फोडला तर पाणी घरात येणार. म्हणून फरशी उखडून, भराव काढून आतली पातळी खाली घेतली, वॉटरप्रूफिंग नव्यानं केलं आणि सगळा उतार दारापासून नहाणी ट्रॅपकडे दिला. त्या ट्रॅपचं नाव मला फार आवडतं. मराठी न येणारे प्लंबरसुद्धा आपली न्हाणी तोंडात घेऊन फिरतात.

दार आता बाहेर उघडतं. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येते. फरशी खरबरीत, कमोडची बैठक 18 इंचांवर.

राहिला आधाराचा बार. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार टाकायचा नसतो, ती स्क्रूसकट हातात येते. बारच्या उंचीची मापं मी कागदावर लिहून ठेवली होती. मिस्त्रींनी कागद बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि आईला कमोडवर बसवलं. "आज्जी, उठायला हात टाका बरं." हात भिंतीला टेकला, तिथंच त्यांनी बोटांभोवती पेन्सिलीनं रेघ ओढली. ओल्या सिमेंटच्या वासात, पांढऱ्या टाइलवर आईचा हात. मग टाइल पोकळ वाजते का ते ठोकून पाहिलं, अँकर फास्टनर विटेत खोल घातले आणि स्वतः बारला लोंबकळले.

पहिल्या दिवशी मी बाहेर उभी होते. तांब्या बादलीत बुडाला, रिकामा झाला, पुन्हा बुडाला. मध्येच थांबला. माझा हात नाण्याकडे गेला, तेवढ्यात आतून नद्यांची नावं ऐकू आली, सातही, मोठ्यानं.