हिमाच्छादित यामागाता : पर्वत, पायऱ्या आणि पेढ्या

गव्हाण-पनवेलच्या खाडीपट्ट्यात पावसाळ्यात जे घडते, तेच उत्तर जपानमध्ये हिवाळ्यात घडते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कर्नाळा-माथेरानच्या डोंगरांना अडतात आणि कोकण चिंब होते. सैबेरियाचे थंड, कोरडे वारे जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलतात, होन्शू बेटाच्या पर्वतरांगांवर धडकतात आणि तेथे पावसाऐवजी बर्फ कोसळते. तोहोकू विभागातील यामागाता प्रांत नेमका या वाऱ्यांच्या वाटेवर वसला आहे. टोकियोहून शिंकान्सेन गाडीने अडीच-तीन तासांत तेथे पोहोचता येते.

हिवाळ्यातील पहिले आकर्षण म्हणजे झाओ पर्वतावरील ‘जुह्यो’. ढगांतील अतिशीत जलकण फर जातीच्या वृक्षांवर आदळताच गोठतात, त्यांवर हिम साचते आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात प्रत्येक वृक्ष शुभ्र, अजस्र पुतळ्यासारखा दिसू लागतो. रज्जुमार्गाने 1661 मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत जाता येत असल्याने वृद्धांनाही हे दृश्य पाहता येते. मात्र या वैभवाला ग्रहण लागले आहे. 2013 च्या सुमारास पतंगाच्या अळ्यांनी या वृक्षांची पाने फस्त केली. दुबळ्या झालेल्या झाडांत पुढे साल पोखरणारे भुंगेरे शिरले आणि असंख्य वृक्ष वाळून गेले. आता नवी रोपे लावली जात आहेत; परंतु त्यांची वाढ इतकी मंद असते, की तेथे पुन्हा पूर्ववत वन उभे राहिलेले पुढील पिढ्याच पाहतील.

डोंगरावरील देवस्थान आणि पायऱ्या यांचे नाते आपल्याकडील यात्रेकरूंना सांगावयास नको. सन 860 मध्ये स्थापन झालेल्या यामादेरा येथील बौद्ध मंदिरात सुमारे 1015 पायऱ्या चढून जावे लागते. महाकवी बाशो 1689 मध्ये येथे आला होता. हागुरो पर्वतावर तर 2446 दगडी पायऱ्या आहेत. दुतर्फा प्राचीन सीडार वृक्ष, आणि त्यांच्या छायेत सुमारे 29 मीटर उंचीचा पाचमजली लाकडी पॅगोडा. ज्यांना चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शिखरापर्यंत मोटाररस्ता आहे. हागुरो, गास्सान आणि युदोनो ही तीन पवित्र शिखरे मानली जातात. पैकी 1984 मीटर उंचीचे गास्सान हिमामुळे जुलैपर्यंत बंद असते. म्हणजे ते उघडते त्या सुमारास आपल्याकडे चातुर्मास आरंभतो. हागुरो मात्र बारमाही खुले असून तिन्ही शिखरांच्या देवतांची पूजा तेथील एकाच मंदिरात होते.

खरी कसोटी भोजनाची. हागुरोच्या यात्रीनिवासांत ‘शोजिन र्‍योरी’ नावाचे पारंपरिक शाकाहारी भोजन मिळते. त्यात मांस, मासे नसतातच. कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य. तथापि एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. मुळा, रताळी, बांबूचे कोंब यांचा वापर असतो. सार बनते ते कोंबू या समुद्री शेवाळापासून आणि शिताके या अळंबीपासून. नियम काटेकोरपणे पाळणाऱ्यांस हे सारे त्याज्य आहे. सामान्य उपाहारगृहांत तर भाज्यांच्या सारातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून ‘मांस नको’ एवढेच सांगणे पुरत नाही. वर्ज्य पदार्थांची यादी जपानी भाषेत लिहवून निवासस्थानी आधीच पाठवावी. साधा भात, टोफू आणि सफरचंद, नासपती यांसारखी फळे सहज मिळतात. खाखरे, भाजलेले पीठ असे कोरडे पदार्थ सोबत असावेत. ताजी फळे-भाज्या नेण्यावर मात्र निर्बंध आहेत. फेब्रुवारीच्या आरंभी सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो, तर सायंभोजन बहुधा त्यानंतर वाढले जाते. चोविहार पाळणाऱ्यांनी भोजनाची वेळ आधीच ठरवून घेणे अगत्याचे.

व्यापारी कुटुंबांना विशेष आपली वाटेल अशी एक कथा या प्रांतात आहे. महाराष्ट्रात तेलासाठी पिकणारी करडई येथे ‘बेनिबाना’ म्हणून तिच्या पाकळ्यांतील लाल रंगासाठी पिकवली जाई. काटे दवाने मऊ असतात तोवर पहाटेच फुले खुडत. त्यांच्या वाळवलेल्या वड्या मोगामी नदीतून साकाता बंदरात येत आणि तेथून क्योतोच्या रंगाऱ्यांकडे जात. परतीच्या गलबतांतून क्योतोच्या बाहुल्या येत. त्या जुन्या घराण्यांनी आजही जपून ठेवल्या आहेत.

याच साकाता बंदरातला तांदळाचा व्यापारी होन्मा मुनेहिसा (1724–1803). शेअरबाजारात भावांची चढउतार दाखवणाऱ्या ‘कँडलस्टिक’ आलेखाचे श्रेय परंपरेने त्यालाच दिले जाते. साकात्यात 1893 ची काळी लाकडी तांदूळ-कोठारे पाहण्यासारखी आहेत. दुहेरी छपरातून हवा खेळती राहते आणि पश्चिमेला लावलेल्या झेल्कोवा वृक्षांची रांग मावळतीचे ऊन अडवते. यंत्राविना धान्य थंड ठेवण्याची ही व्यवस्था होती.

झाओसाठी एक, यामादेरा व हागुरोसाठी दोन आणि साकात्यासाठी एक असे चार दिवस हाती ठेवावेत. हिमवादळाने रज्जुमार्ग वा गाड्या थांबू शकतात, म्हणून पाचवा दिवस मोकळा असावा. बर्फावर न घसरणारी पादत्राणे कातड्याविनाही मिळतात. ती निघण्यापूर्वीच पारखून घ्यावीत.